जोशी-अभ्यंकर हत्याकांड : दहा बळी, चार फाशी

पुणे शहराच्या गुन्हेगारी इतिहासात १९७६ आणि १९७७ या वर्षांइतका काळाकुट्ट कालखंड दुसरा नाही. चौदा महिन्यांच्या अवधीत दहा जणांचा गळा आवळून खून झाला. बळींमध्ये महाविद्यालयीन तरुण होते, दांपत्ये होती, संस्कृत व्याकरणाचे जगन्मान्य पंडित होते आणि घरकाम करणारी एक वृद्धाही होती. हे खून करणारे सराईत दरोडेखोर नव्हते. टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयात व्यावसायिक चित्रकलेचे शिक्षण घेणारे ते चार विद्यार्थी होते. राजेंद्र जक्कल, दिलीप ज्ञानोबा सुतार, शांताराम कान्होजी जगताप आणि मुनव्वर हारुण शहा या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा मध्यवर्ती कारागृहात फासावर लटकवण्यात आले.

'जोशी-अभ्यंकर खून खटला' या नावाने हे प्रकरण महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. मात्र या मालिकेतील पहिला आणि शेवटचा खून जोशी किंवा अभ्यंकर यांच्यापैकी कोणाचाच नव्हता. हे दोन्ही बळी मारेकऱ्यांच्या ओळखीचे होते. ओळखीच्या बळावर या चौघांनी सावज गाठले आणि शेवटी ओळखीमुळेच ते पोलिसांच्या जाळ्यात सापडले. संपूर्ण शहर अनोळखी माणसाच्या धास्तीने दारे लावून बसले असताना खुनी वर्गात, चहाच्या टेबलावर आणि रस्त्यावर सर्वांच्या डोळ्यांदेखत वावरत होते.

चौकडी

जक्कल, सुतार, जगताप आणि शहा यांची मैत्री महाविद्यालयातच जुळली. अभ्यासापेक्षा उनाडकीसाठीच त्यांचे नाव अधिक होते. मद्यपान, उधळपट्टी आणि दुचाकी वाहनांच्या चोऱ्या यांमुळे महाविद्यालयाच्या परिसरात ही चौकडी बदनाम होती. जक्कल हा टोळीचा म्होरक्या मानला गेला. कर्वे रस्त्यावरील त्याची पत्र्याची शेड हे या मंडळींचे भेटण्याचे ठिकाण होते. झटपट पैसा मिळवण्याचे बेत तेथेच शिजले. काही वर्गमित्रही या टोळक्याच्या आसपास असत. त्यांच्यापैकीच एक जण पुढे न्यायालयात माफीचा साक्षीदार म्हणून उभा राहिला.

हे चौघे उपासमारीने गुन्हेगारीकडे ढकलले गेले, असे म्हणण्याजोगी परिस्थिती नव्हती. हातात कला होती, शिक्षण चालू होते. साध्या चोरीकडून खुनाकडे जाणारी वाट त्यांनी अल्पावधीत ओलांडली आणि एकदा खून पचला, असे वाटल्यावर पुढचे खून त्यांना तितकेसे अवघड वाटले नाहीत.

पहिला बळी : वर्गमित्र

प्रकाश हेगडे हा याच महाविद्यालयातील विद्यार्थी होता. त्याच्या वडिलांचे महाविद्यालयाच्या मागे उपाहारगृह होते. हॉटेलमालकाच्या मुलाला पळवून खंडणी उकळावी, असा बेत आरोपींनी आखला. जानेवारी १९७६च्या मध्यास बहाणा करून हेगडेला जक्कलच्या शेडमध्ये नेण्यात आले. तेथे त्याच्याकडून वडिलांच्या नावे एक चिठ्ठी जबरदस्तीने लिहून घेण्यात आली. आपण स्वखुशीने घर सोडून जात आहोत, अशा आशयाची ती चिठ्ठी होती.

त्यानंतर हेगडेच्या तोंडात बोळा कोंबून त्याला पेशवे पार्ककडे नेण्यात आले. नायलॉनच्या दोरीने गळा आवळून त्याचा जीव घेण्यात आला. मृतदेह लोखंडी पिंपात घालून, पिंपात दगड भरून ते तेथील तळ्यात सोडून देण्यात आले. दुसऱ्या दिवशी वडिलांकडे खंडणीची मागणी करणारे पत्र पाठवण्यात आले. मुलगा ज्या वेळी जिवंतच नव्हता, त्या वेळी त्याच्या सुटकेसाठी पैसे मागितले जात होते.

तळ्याने हे गुपित चौदा महिने पोटात ठेवले. मुलगा घरातून निघून गेला, अशीच कुटुंबाची आणि परिचितांची समजूत राहावी, ही आरोपींची योजना होती. ती काही काळ यशस्वीही ठरली.

विजयनगर कॉलनी आणि भांडारकर रस्ता

खंडणीचा बेत फसल्यावर टोळीने थेट घरांत शिरून लूट करण्याचा मार्ग पत्करला. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी रात्री ते विजयनगर कॉलनीतील अच्युत जोशी यांच्या घरात शिरले. घरात त्या वेळी जोशी आणि त्यांच्या पत्नी उषा हे दोघेच होते. चाकूचा धाक दाखवून दोघांचे हातपाय बांधण्यात आले आणि त्यांचा गळा आवळण्यात आला. थोड्या वेळाने त्यांचा तरुण मुलगा आनंद घरी परतला. त्यालाही त्याच पद्धतीने ठार करण्यात आले. मारेकऱ्यांच्या हाती लागले ते मंगळसूत्र, घड्याळ आणि काही हजार रुपये.

त्यानंतर २२ नोव्हेंबर रोजी शंकरशेट रस्त्यावरील एका बंगल्यात शिरण्याचा त्यांनी प्रयत्न केला. तेथे घरातील महिलेने आणि दोन नोकरांनी कडवा प्रतिकार केल्याने आरोपींना पळ काढावा लागला. संपूर्ण मालिकेत ज्यांनी मारेकऱ्यांना हुसकावून लावले, असे हे एकमेव घर ठरले.

अवघ्या नऊ दिवसांनी, १ डिसेंबर १९७६ रोजी रात्री, भांडारकर रस्त्यावरील 'स्मृती' बंगल्यात पाच खून झाले. काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी इंदिराबाई, नात जाई, नातू धनंजय आणि घरकाम करणाऱ्या सकुबाई वाघ अशी मृतांची नावे होती. दाराची घंटा वाजवून आरोपी आत शिरले. तोंडात बोळे कोंबून, हातपाय बांधून, एकेकाचा नायलॉनच्या दोरीने गळा आवळण्यात आला.

काशिनाथशास्त्री हे महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांचे चिरंजीव. वासुदेवशास्त्रींनी पतंजलीच्या व्याकरण महाभाष्याचे मराठी भाषांतर केले आणि त्याचा प्रस्तावनाखंड काशिनाथशास्त्रींनी सिद्ध केला. त्यांनी इंग्रजीत रचलेला संस्कृत व्याकरणाचा पारिभाषिक कोश १९६१मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाला. संस्कृत व्याकरणाचे अभ्यासक, मग ते भारतातील असोत वा परदेशातील, हा कोश हाताशी ठेवतात. त्याची सुधारित दुसरी आवृत्ती १९७७मध्ये निघाली. ती पाहण्यास शास्त्रीबुवा हयात नव्हते.

भयग्रस्त शहर

एका महिन्याच्या अंतराने दोन सुशिक्षित, मध्यमवर्गीय कुटुंबे जवळपास नामशेष झाल्याने पुणे हादरले. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडू लागले. रात्रीचे चित्रपटांचे खेळ, उशिरापर्यंत चालणाऱ्या गप्पा, अंगणातील बैठका यांना खीळ बसली. दारावर थाप पडली तरी आतून नाव विचारल्याखेरीज कडी काढली जात नसे.

देशात त्या वेळी आणीबाणी होती. वृत्तपत्रांवर निर्बंध होते आणि शासनयंत्रणेच्या हाती अभूतपूर्व अधिकार होते. तरीही पोलिसांना धागा सापडत नव्हता. जोशी आणि अभ्यंकर कुटुंबांचा एकमेकांशी संबंध नव्हता, वैर नव्हते, मालमत्तेचा वाद नव्हता. खुनाचा हेतू जेथे मृताच्या आयुष्यात सापडत नाही, तेथे तपासाची नेहमीची पद्धत लंगडी पडते. मृताशी ज्यांचा संबंध होता अशांची चौकशी करूनही हाती काही लागत नव्हते, कारण मारेकऱ्यांचा या घरांशी तसा संबंधच नव्हता.

शेवटचा बळी आणि सुटलेली गाठ

ही अडचण आरोपींनीच दूर केली. २३ मार्च १९७७ रोजी त्यांनी अनिल गोखले या तरुणाला गाठले. तो त्यांच्या एका वर्गमित्राचा धाकटा भाऊ होता. अलका टॉकीजजवळ त्याची आपल्या भावाशी भेट ठरली होती. जक्कलने त्याला वाहनावरून सोडण्याची तयारी दाखवली. ओळखीचा माणूस असल्याने अनिल निःशंकपणे त्याच्यासोबत गेला. शेडमध्ये त्याचा गळा आवळण्यात आला. मृतदेह शिडीला बांधून, दगडांचे वजन लावून बंडगार्डनजवळ मुळा-मुठा नदीत टाकण्यात आला.

या वेळी पाण्याने गुपित राखले नाही. २४ मार्च रोजी सायंकाळी मृतदेह येरवड्याजवळ पाण्यावर आला. आणीबाणी उठून तीनच दिवस झाले होते आणि त्याच दिवशी दिल्लीत मोरारजी देसाई यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली होती.

सहायक पोलिस आयुक्त मधुसूदन हुल्याळकर यांच्या नेतृत्वाखालील पथकाने तपास हाती घेतला. मृतदेहाला बांधलेली नायलॉनची दोरी आणि तिला मारलेली गाठ पोलिसांच्या नजरेत भरली. जोशी आणि अभ्यंकर यांच्या घरांत आढळलेल्या गाठींशी तिचे साम्य होते. निराळ्या वाटणाऱ्या तीन प्रकरणांमागे एकच हात आहे, हे त्या गाठीने सांगितले. शिवाय या खेपेस मृताच्या परिचितांचे वर्तुळ पोलिसांपुढे होते. त्या वर्तुळातच मारेकरी होते.

चौकशीत या चौघांनी गेल्या काही दिवसांतील आपल्या हालचालींविषयी दिलेली माहिती एकमेकांशी जुळेना. टोळक्यासोबत वावरणाऱ्या एका वर्गमित्राचा धीर सुटला आणि त्याने हेगडेच्या खुनाची हकीकत सांगितली. तळ्याचा शोध घेण्यात आला. लोखंडी पिंप आणि त्यातील अवशेष बाहेर आले. ३० मार्च १९७७ रोजी आरोपींना अटक झाली. शेवटच्या खुनानंतर एका आठवड्यात, तर पहिल्या खुनानंतर सुमारे साडेचौदा महिन्यांनी ही अटक झाली.

खटला

१५ मे १९७८ रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयात खटल्याची सुनावणी सुरू झाली. ती चार महिन्यांहून अधिक काळ चालली. न्यायालयाबाहेर गर्दी होत असे आणि वृत्तपत्रांतून कामकाजाचे वृत्तान्त सविस्तर प्रसिद्ध होत. या खटल्यामुळे 'माफीचा साक्षीदार' हा शब्दप्रयोग मराठी घराघरांत पोहोचला.

गुन्ह्यात सामील असलेल्या एखाद्याने संपूर्ण सत्य सांगण्याच्या अटीवर त्याला माफी देण्याची तरतूद १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६मध्ये होती. (ही संहिता आणि भारतीय दंड संहिता यांची जागा १ जुलै २०२४पासून नव्या कायद्यांनी घेतली आहे.) असा साक्षीदार स्वतःच गुन्ह्याचा वाटेकरी असल्याने त्याच्या शब्दावर न्यायालये एकाएकी विसंबत नाहीत. महत्त्वाच्या बाबींत त्याच्या जबानीला स्वतंत्र पुराव्याचा आधार मिळावा लागतो. या खटल्यात दोऱ्या, गाठी, तळ्यातून निघालेले पिंप आणि परिचितांच्या साक्षी यांमुळे जबानीला बळकटी मिळाली.

२८ सप्टेंबर १९७८ रोजी सत्र न्यायाधीश वामन नारायण बापट यांनी चौघांना फाशीची शिक्षा सुनावली.

शिक्षा ते फास : पाच वर्षे

सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाखेरीज अमलात येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ एप्रिल १९७९ रोजी शिक्षा कायम केली. १७ नोव्हेंबर १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपिलाची परवानगी नाकारली. त्यानंतर दयेचे अर्ज झाले आणि तेही फेटाळले गेले.

हा काळ भारतातील फाशीच्या कायद्यासाठी संक्रमणाचा होता. १९७३च्या संहितेने फाशी हा अपवाद ठरवून ती देताना 'विशेष कारणे' नमूद करण्याचे बंधन न्यायाधीशांवर घातले होते. ९ मे १९८० रोजी बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फाशी घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला. मात्र ती 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणांतच द्यावी, असा दंडकही त्याच निकालाने घातला. १९८३च्या फेब्रुवारीत न्यायालयाने फाशीच्या अंमलबजावणीस दोन वर्षांहून अधिक विलंब झाल्यास कैद्याला जन्मठेप मागता येईल, असे म्हटले. मार्चमध्ये दुसऱ्या पीठाने हा सरधोपट नियम मान्य केला नाही. २३ सप्टेंबर १९८३ रोजी दोरीने फाशी देण्याची पद्धतही न्यायालयाने वैध ठरवली.

पुण्याच्या चौघांची प्रकरणे याच उलथापालथीत अडकली होती. मुनव्वर शहा याच्या नावे नोंदलेला सर्वोच्च न्यायालयाचा १९८३चा निकाल कायद्याच्या ग्रंथांत आढळतो. गुन्ह्यांची व्याप्ती, त्यांतील क्रौर्य आणि ते करण्याची रीत पाहता दया दाखवण्यास जागा नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. 'दुर्मिळातील दुर्मिळ' म्हणजे नेमके काय, याचा शोध न्यायालये घेत असताना हे प्रकरण त्या कसोटीचे एक ठळक उदाहरण ठरले.

आरोपींच्या वतीने तारुण्य, कोवळे वय, सुधारणेची शक्यता हे मुद्दे मांडण्याजोगे होते. फाशीच्या विरोधकांच्या दृष्टीने हे मुद्दे आजही निर्णायक आहेत. दुसऱ्या बाजूला दहा खुनांची मालिका होती. रागाच्या भरात झालेली एखादी चूक नव्हे, तर प्रत्येक खुनानंतर थांबण्याची संधी असूनही पुन्हा आखलेला नवा बेत, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य होते. न्यायालयांच्या पारड्यात दुसरी बाजू जड ठरली.

मुनव्वर शहाचे आत्मकथन

चौघांपैकी मुनव्वर शहा याने तुरुंगात असताना आपली कहाणी लिहून काढली. 'येस, आय अ‍ॅम गिल्टी' या नावाने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. शीर्षकातच त्याने गुन्ह्याची कबुली दिली आहे. महाविद्यालयीन मुलाचा मारेकरी कसा झाला, हे मारेकऱ्याच्याच लेखणीतून कळण्याचा असा प्रसंग मराठी मुलखात विरळाच. अर्थात फाशीच्या छायेत केलेले लेखन म्हणून ते सावधपणे वाचावे लागते. आपल्या वाट्याचा दोष आणि इतरांच्या वाट्याचा दोष यांचे माप लेखक स्वतः ठरवत असतो. मृतांना मात्र आपली बाजू लिहिण्याची संधी मिळालेली नसते.

अटकेपासून सहा वर्षे आणि जवळपास आठ महिन्यांनी, २७ नोव्हेंबर १९८३ रोजी, येरवडा कारागृहात चौघांची फाशी अमलात आली. ज्या येरवड्यापाशी त्यांच्या शेवटच्या बळीचा देह पाण्यावर आला होता, तेथेच या प्रकरणाचा शेवट झाला. एकाच गुन्ह्यातील चौघांना फाशी देण्याची घटना त्यानंतर देशात घडली ती थेट २० मार्च २०२० रोजी. दिल्लीतील निर्भया प्रकरणातील चार दोषींना त्या दिवशी तिहार कारागृहात फाशी देण्यात आली. येरवडा कारागृहातील फाशीचा तख्ता मधल्या काळातही वापरला गेला. माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांच्या मारेकऱ्यांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी, तर २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवादी अजमल कसाब याला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी तेथेच फाशी देण्यात आली.

पडद्यावर

या हत्याकांडाने चित्रपटसृष्टीचेही लक्ष वेधले. राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला 'माफीचा साक्षीदार' हा मराठी चित्रपट १९८६मध्ये पडद्यावर आला. त्यात नाना पाटेकर यांनी टोळीच्या म्होरक्याची भूमिका साकारली. पुढे अनुराग कश्यप यांनी या प्रकरणावरून सैलसर प्रेरणा घेऊन 'पाँच' हा हिंदी चित्रपट तयार केला. सेन्सॉर मंडळाच्या आक्षेपांमुळे तो दीर्घकाळ रखडला.

या सर्व कथनांत मारेकरी केंद्रस्थानी राहतात आणि मेलेली माणसे पार्श्वभूमीला जातात. खटल्याच्या लोकप्रचलित नावात दोन कुटुंबांची आडनावे टिकली. सकुबाई वाघ, प्रकाश हेगडे आणि अनिल गोखले यांची नावे मात्र सहसा घेतली जात नाहीत.

हिशेब

दहा जीवांच्या बदल्यात मारेकऱ्यांना काय मिळाले, याचा हिशेब क्षुल्लक आहे. हेगडेच्या कुटुंबाकडे मागितलेल्या खंडणीसाठी त्यांच्याजवळ सोडण्यासारखा जिवंत ओलीसच नव्हता. जोशींच्या घरातील लूट काही हजारांची. अभ्यंकरांच्या घरातील खरे धन व्याकरणाच्या ग्रंथांत होते आणि चोराला त्याचा उपयोग नव्हता.

शहराने गमावले ते मोजता येण्यासारखे नाही. दार उघडे टाकून शेजारी जाणे, अवेळी आलेल्या पाहुण्यासाठी चहाचे आधण ठेवणे, मित्राच्या मित्राबरोबर निर्धास्त जाणे या सवयींवर पेठांतील आणि बंगल्यांतील जीवन उभे होते. त्या विश्वासाला १९७६च्या हिवाळ्यात तडा गेला. कायद्याने दोषी शोधले, पुरावा तपासला, चार पायऱ्यांवर शिक्षेची फेरतपासणी केली आणि शेवटी ती अमलात आणली. अनोळखी दरोडेखोराच्या शोधात निघालेल्या पुण्याला मात्र खुनी आपल्याच महाविद्यालयाच्या हजेरीपटावर सापडले. फाशीने खटला संपला. हा धक्का त्या पिढीच्या मनात त्यानंतरही कायम राहिला.